दुसऱ्या बाईचे केस

त्या वर्षांत माझे हात कधी रिकामे नसत आणि मान दुखायची थांबत नसे. आम्ही भिंगारला राहायचो. नवरा मिलिटरीच्या डेपोत कारकून, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि मी तिच्या उशाशी बसून क्रोशाची कामं करायची. नमाजाच्या टोप्या, टीव्हीवरचे रुमाल, साहेब लोकांच्या घरचे टेबलक्लॉथ. नवीन विणायला तरी बरं वाटायचं. दुसऱ्याचं उसवलेलं नीट करायचं म्हटलं की माझं डोकं फिरायचं, आणि लोक नेमकं तेच घेऊन यायचे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एक म्हातारा बहुरूपी दारात आला. घोडेगावकडचा. वर्षभर बाजारांतून, गल्ल्यांतून सोंगं घेऊन फिरायचा. कधी फौजदार, कधी पोस्टमन, आणि शिवरात्र जवळ आली की शंकर. त्या दिवशी मात्र साध्या धोतर-शर्टात होता, काखेत गाठोडं. सोडलं तर आत अकरा जटा. राख, डिंक, शेंदूर, घाम, सगळं त्यात वाळून बसलेलं. हात लावला तर काथ्याच्या दोरासारख्या टोचल्या. त्याच्या कपाळावर सालटी निघाली होती, ती कशाने ते लगेच कळलं.

"भाबी, एवढं नीट करून द्या. शिवरात्रीच्या आत."

मी म्हटलं, "बाबा, मी टोप्या विणते. जटा नाही."

"ह्या बी क्रोशाच्या सुईनंच इनल्यात. माझ्या मालकिनीनं."

मालकीण म्हणजे त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी वारलेली. रोज विंचरताना निघालेली गुंतवळ तिने कधी फेकली नाही, की केसांच्या बदल्यात सुया-बांगड्या देणाऱ्या बाईला दिली नाही. वर्षानुवर्षं साठवली आणि नवऱ्यासाठी जटा केल्या. तिचं म्हणून एवढंच त्याच्याकडे उरलं होतं. फोटोसुद्धा नव्हता.

"आतला एक केस फेकू नका," तो म्हणाला. "आन कमी पडलं तर लोकर घाला, सुतळी घाला, पन दुसऱ्या बाईचे केस नगं. ती लई संशयी हुती. तिला चालायचं न्हाई."

हे बोलताना हसला. मीही हसले आणि गाठोडं ठेवून घेतलं. कशाला घेतलं, असं मग आठ दिवस स्वतःलाच विचारत होते.

कोमट पाण्यात रिठा घालून जटा भिजवल्या. पिळायच्या नाहीत, नुसत्या दाबायच्या. पहिलं पाणी चिखलासारखं निघालं, दुसरंही तसंच. डिंक सुटेपर्यंत पाचेक पाणी झाली असतील, आणि पाणी म्हणजे नळाची एक वेळ, तीही पहाटेची. मग सावलीत चादरीवर वाळवल्या. तळहाताला खोबरेल चोळून एकेक जट वरून खाली मळत गेले. मग सुई घ्यायची, सुटलेला केस धरायचा आणि आडवा आत ओढायचा. घट्ट ओढला तर जट पुन्हा कडक होते, सैल ठेवला तर दुसऱ्या दिवशी बाहेर. एकेका जटेला अर्धा दिवस जायचा. मध्ये सासूची हाक, कुकरची शिट्टी. बोटांची टोकं सोलून निघाली. त्याच्या मालकिणीने एवढा संसार करून हे कधी केलं असेल, असं वाटून तिचा रागही यायचा आणि कौतुकही.

दोन जटा मात्र गेलेल्याच होत्या. त्याच्या घरच्या पेटीत उंदरांनी आतून कुरतडल्या होत्या. पाण्यात घातल्या तशा हातात मूठभर केस राहिले. फेकायचे नव्हते म्हणून तेवढे उरलेल्या नऊ जटांत घातले. दोन जागा रिकाम्या राहिल्या. काळी लोकर आणून विणून बघितली. या अल्ला, काय ते ध्यान! केसांच्या शेजारी लोकर मेलेली दिसायची. उसवलं. पुन्हा विणलं. पुन्हा उसवलं. शिवरात्र दोन दिवसांवर आली होती आणि माझ्या अंगात त्राण नव्हतं.

माझी गुंतवळ कागदात गुंडाळलेली फळीवर होती. मी ती घेतली आणि दोन जटा विणल्या. इतक्या सुंदर झाल्या की थकवा विसरले. कुणाला कळणार आहे, असं म्हटलं. खरं सांगायचं तर काम अर्धवट दिलेलं मला खपलं नसतं, त्याच्या शब्दापेक्षा मला माझी सुई मोठी वाटली.

तो आला. ओट्यावर बसून एकेक जट हातातून सोडत मोजली. अकरा. दोन पुन्हा बोटांत धरून बघितल्या. मग म्हणाला, "लई मऊ झाल्यात भाबी. लई कष्ट घेतले तुमी." हात जोडले आणि गेला.

पुढे दरवर्षी शंकर होऊन दारात यायचा. कपाळ बरं झालं होतं. मी चहा द्यायची आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणायची, "बघा बाबा, टिकलंय की नाही माझं काम?" तो मान डोलवायचा.

दशक सरता सरता एकदा त्याच्याऐवजी त्याचा मुलगा आला. चांगला चाळिशीचा बाप्या.

"आबा गेले," तो म्हणाला. "जटा माझ्यासंगं सरणावर द्या म्हनले हुते. आईला माघारी ठेवू नका म्हनले. नऊ दिल्या." मग पिशवीतून एक पुडी काढून ओट्यावर ठेवली. "ह्या दोन तुमच्या. तुमच्यात केस मातीत देत्यात, आगीत घालू नका, भाबीकडं पोचवा, असं बजावलं हुतं."

मी विचारलं, "त्यांना कधी कळलं?"

"त्याच दिशी. आईचे केस लई बारीक हुते. पन तुमी एवढं राबला, बोलू कसं म्हनले. नऊच बांधायचे ते."

लाजेने मान वर होईना. इतकी वर्षं माणूस समोर उभा राहत होता, मी तोरा मिरवत होते, आणि एकदाही मोजल्या नाहीत. मुलगा गेल्यावर पुडी सोडली. दोन्ही जटा दिल्या होत्या तशाच मऊ होत्या. डोक्याला लावल्याच नव्हत्या.