टंचाईचा जॅम

माझी बायको सुप्रभा हिने आयुष्यात एकही बरणी फेकलेली नाही. १९७२ साली आम्ही बर्मिंगहॅमला आलो तेव्हा घेतलेल्या पहिल्या कॉफीची बाटली अजून आमच्या गॅरेजमध्ये आहे. तिच्या मागे तेहेतीस वर्षांच्या बरण्या ओळीने उभ्या आहेत आणि गाडी बाहेर पावसात. मी भूलतज्ज्ञ, आता रिटायर. हॉस्पिटलात हजारो माणसांना झोपवलं, पण घरात या बरण्यांपुढे माझी काही मात्रा चालली नाही. "लागतात कधीतरी," एवढंच ती म्हणायची आणि आणखी एक धुऊन उपडी घालायची.

तिचा दुसरा नाद म्हणजे ॲलॉटमेंट. कौन्सिलकडून भाड्याने मिळणारा हा जमिनीचा तुकडा. त्यावर इंग्रज माणूस रविवारभर कंबर मोडून घेतो आणि मजा आली म्हणतो. सुप्रभाने अठ्ठावीस वर्षं तिथे कांदे, घेवडा, मेथी, प्लम, काय वाटेल ते पिकवलं. दर सप्टेंबरला तिथल्या प्लॉटवाल्यांच्या सोसायटीचं प्रदर्शन भरतं आणि पहिल्या नंबरला लाल कार्ड मिळतं. सुप्रभाला निळी मिळाली, पिवळी मिळाली, 'उल्लेखनीय' लिहिलेली पांढरी तर इतकी मिळाली की त्यांचा पत्त्यांचा कॅट करता आला असता. लाल एकदाही नाही. कांदा मोठा असला तर म्हणे जरा जास्तच मोठा होता.

"मला बाकी काही नको," ती एकदा फ्लास्कमधला चहा ओतताना म्हणाली. "एकदा ते लाल कार्ड हवंय. आपण इथे नुसते राहायला आलेलो नाही, आपल्याला इथलं काहीतरी येतं, असं त्यांनी लिहून द्यायला हवं."

२००५ साली दुसरं महायुद्ध संपून साठ वर्षं झाली आणि देशभर टंचाईचा उत्सव सुरू झाला. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष रॉन व्हिटलॉक इंटरनेटवरून मागवलेलं लोखंडी हेल्मेट घालून मीटिंगला आले आणि त्यांनी जाहीर केलं की यंदा जॅमची स्पर्धा युद्धकाळाच्या नियमांनी होईल. फळं स्वतःच्या प्लॉटमधली. त्या काळी काच, पत्रा, रबर सगळंच दुर्मीळ, म्हणून नवी बरणी नको, नवं झाकण नको. साखर दोन पौंड फळांना फक्त अर्धा पौंड. तीही सोसायटीच देणार, खाकी कागदाच्या पुड्यात.

सुप्रभाचे डोळे चमकले. ती सांगलीची. आजूबाजूला ऊसच ऊस, आणि घरात साखर मात्र रेशन कार्डावर, तासभर रांगेत उभं राहून. "टंचाई मला शिकवणार का हे?" ती म्हणाली. "यंदा लाल कार्ड माझं."

आणि मग भलतीच टंचाई पडली. सगळे सभासद पर्यावरणवादी, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या जुन्या बरण्या कौन्सिलच्या रिसायकलिंगच्या हिरव्या खोक्यात घालून कधीच रवाना केलेल्या. दुकानात नव्या हव्या तेवढ्या होत्या, पण त्यांना बंदी. शेवटी एका शनिवारी रॉन आमच्या दारात उभे. हेल्मेट नव्हतं, चेहरा पडलेला.

"मिसेस खरे, तुमच्याकडे एखादी जुनी बरणी असेल का?"

सुप्रभाने गॅरेजचं दार वर केलं. रॉन दोन मिनिटं नुसते बरण्या मोजत राहिले. गेल्या तेहेतीस वर्षांतला माझा एकूण एक युक्तिवाद त्या दोन मिनिटांत निकालात निघाला, आणि तिने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. त्याने तर आणखीच झोंबलं.

बातमी पसरली. अकरा स्पर्धक, प्रत्येकी चार बरण्या. सुप्रभाने चव्वेचाळीस बरण्या सोड्याने घासल्या, उन्हात वाळवल्या, आणि मग प्रत्येकीत मूठभर साखर घातली. का, असा प्रश्न तिलाही पडला नाही आणि मलाही नाही. आपण रिकामं भांडं कुणाच्या हातात देत नाही. डाळ, तांदूळ, साखर, काहीतरी घालायचं. मी समोर बसून पेपर वाचत होतो. माझी आई असती तर तिनेही हेच केलं असतं, आणि सुप्रभाची मूठ लहान आहे म्हणून वर टोमणा मारला असता.

लोक बरण्या न्यायला आले. आत डोकावून बघायचे, मग सुप्रभाकडे बघायचे. एका बाईंनी इकडेतिकडे नजर टाकून तिचा हात दाबला. रॉननी ओठांवर बोट ठेवून डोळा मारला.

"डायबेटिस असेल हो बिचाऱ्यांना," ती नंतर मला म्हणाली. "बायकोला कळू द्यायचं नसेल."

स्वतःचा जॅम तिने पुड्यातल्या साखरेवरच केला. प्लम आंबट, साखर तुटपुंजी. तास झाला, दीड तास झाला, जॅम काही धरेना. मी म्हटलं, "अगं, घाल की घरातली दोन चमचे. कुणाला कळतंय?"

"अहो, रूल म्हणजे रूल," ती म्हणाली. "असलं लाल कार्ड मला नकोय."

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलबाहेर दोन रांगा गाड्या, आत युद्धकाळासारखे डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका आणि प्रत्येकाच्या हातात केक. परीक्षक होत्या मिसेस पेल. वय एकाहत्तर, युद्धाच्या वेळी खेड्यातल्या शाळेत. त्यांनी एकेक बरणी उघडायला सुरुवात केली. पहिला जॅम घट्ट, तकतकीत. "सुंदर," त्या म्हणाल्या. दुसरा सुंदर. तिसराही सुंदर. अकराव्यापर्यंत त्यांच्या 'सुंदर'मधला सगळा जीव गेला होता. मग बारावी बरणी, आमची. चमच्यावरून जॅम पाण्यासारखा ओघळला. त्यांनी तोंडात घातला, डोळे गच्च मिटले, चिंच चावल्यासारखं तोंड केलं आणि म्हणाल्या, "हा खरा."

मग त्यांनी चमचा खाली ठेवला. "अर्धा पौंड साखरेत असा जॅम धरत नाही. मी लहानपणी ढवळलाय. या अकरा जणांना जास्तीची साखर कुठून मिळाली?"

रॉन हेल्मेटचा पट्टा तपासू लागले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी सुप्रभाला कोपराने ढोसलं. "बोल. लाल कार्ड तुझंच आहे."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपली मूठभर साखर लोकांनी जॅममध्ये घातली, हे तिला तेव्हाच कळलं. ती उठली, पदर सारखा केला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "साखर माझी. बरण्यांमध्ये मी घातली. त्यांची काही चूक नाही."

कमिटी चहा घेऊन पाच मिनिटं कोपऱ्यात गेली. या देशात न्याय चहाशिवाय होत नाही. निकाल असा: रेशनबाहेरची साखर वाटणं हा गुन्हा, म्हणून मिसेस खरे स्पर्धेतून बाद. बाकीच्यांनी ती मागितलेली नव्हती, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. लाल कार्ड रॉन व्हिटलॉक यांना. आणि मिसेस खरे यांच्या प्रामाणिकपणासाठी जोरदार टाळ्या.

सगळ्यांनी अगदी मनापासून वाजवल्या. सुप्रभानेही वाजवल्या, मग हात मांडीवर ठेवून घट्ट आवळून धरले. मला त्या अकरा जणांचा राग आला, कमिटीचा आला, आणि सगळ्यात जास्त सुप्रभाचा.

"सांगायचंस ना, की तू स्वतः चमचाभरही जास्त घातली नाहीस!"

"म्हणजे दिलेल्या साखरेची चहाडी करायची?" ती म्हणाली. "शोभतं का ते?"

बाद झालेली बरणी टेबलावर ठेवत नाहीत. ती पिशवीत घालून आम्ही निघालो, तर मिसेस पेल मागून धापा टाकत कार पार्कपर्यंत आल्या. ही बरणी मला द्याल का, त्यांनी विचारलं.

"वाईट झालाय," सुप्रभा म्हणाली.

"फारच वाईट," मिसेस पेल म्हणाल्या. "माझी आई दर उन्हाळ्यात अगदी असाच करायची. वडील फ्रंटवर, आम्ही चार भावंडं, आणि ती रात्रंदिवस राबायची. आम्ही पावावर तो जॅम बघितला की तोंडं वेडीवाकडी करायचो. छान झालाय, असं तिला कुणी एकदाही म्हटलं नाही."

बरणी छातीशी धरून त्या आत गेल्या.

गाडी सुरू केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. मी तिच्या मिठावर बोललो, तिखटावर बोललो, बरण्यांवर तर रोज. दुसरं काही बोलल्याचं मला आठवेना, आणि आठवायचा मी खरंच प्रयत्न केला.

"जॅम छान झाला होता," मी म्हणालो.

"खोटं," ती म्हणाली. "आंबटढाण होता. मी चाखलाय."

रस्त्यावरचे दोन राउंडअबाउट मागे गेले. ती खिडकीबाहेर बघत होती, आणि डोळे पुसत होती हे मला दिसत होतं.

"परत एकदा म्हणा बरं," ती म्हणाली.