करुणाताईचा घसा

करुणाताई वर्षातून दोन-तीनदा मुकी व्हायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही ती मुकीच होती. मला नांदेडला नोकरी लागली होती आणि खोली शोधत मी स्टेशनच्या मागच्या गल्लीतल्या एका घराची कडी वाजवली. दार उघडणारी बाई पस्तिशीची, उंच, केस घट्ट बांधलेले. मी खोलीचं विचारलं. तिने मान हलवली, रिझर्व्हेशनचा एक कोरा फॉर्म उलटा करून त्यावर लिहिलं, 'खोली वर हाय. नळ खाली. आई बोलेल.' मी इंग्रजी शाळेत शिकलेली, हाताने लिहिलेलं मराठी वाचायला मला वेळ लागतो. ती शांतपणे थांबली. मला वाटलं, हिला बोलता येत नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. मलाही फारसं बोलायला आवडत नाही. मी खोली घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खालून आवाज आला, "शिवलीला, पाणी आलं. बादली घेऊन खाली ये." आवाज घोगरा होता आणि इतका मोठा की समोरच्या घरातली बाईही बादली घेऊन बाहेर आली.

तिची आई, जिला मी मावशी म्हणायचे, तिने नळापाशी मला सांगितलं की करुणा गाण्याला गेली होती आणि ओरडून तिचा घसा बसला होता. गाण्याला जाऊन ओरडायचं कशाला, हे मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. मी विचारत नसे. उदगीरला आमच्या घरी आवाज बाबांचा. आमचं दुकान आहे, पण बाबांचा जीव दुकानापेक्षा नव्या जिल्ह्यात. उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जी समिती होती तिचे ते पुढारी. घोषणा घरात बसून तयार व्हायच्या, आधी आम्हाला ऐकवल्या जायच्या. अशा घरात एक माणूस तरी गप्प असावा लागतो.

करुणाताईचे वडील रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणारे. ते गेल्यावर तिला रेल्वेच्याच कार्यालयात कारकुनाची नोकरी मिळाली. प्रवाशांनी गाडीत विसरलेल्या, कुणीच न्यायला न आलेल्या सामानाचा कधीतरी लिलाव होतो. अशाच एका लिलावातून वडिलांनी ती शाळेत असताना एक बॅग आणली होती. बॅगेत दोन शर्ट, एक वॉकमन आणि चार कॅसेट निघाल्या. शर्ट वडिलांना झाले, कॅसेट हिला. चारही हेवी मेटलच्या, म्हणजे ड्रम-गिटारच्या दणदणाटाच्या. त्यातली एक नॉर्वेच्या एका बँडची. त्या बँडला ती 'आपले म्हातारे' म्हणायची.

"इंग्रजी कळत न्हाई मला त्यातलं," ती म्हणायची. "पण चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून स्पीकरच्या भिंतीम्होरं उभी राहिलेली हाय. आवाज कानाला न्हाई, हितं लागला पाहिजे." हितं म्हणजे छातीच्या मधोमध, गळ्याच्या खाली चार बोटं. ती तिथे मूठ आपटून दाखवायची.

रेल्वेकडून तिला वर्षाला जे मोजके प्रवासाचे पास मिळायचे, ते ती हैदराबाद, पुणे, बंगळूर इथल्या कार्यक्रमांसाठी राखून ठेवायची. एक पास मावशीला नागपूरच्या दीक्षाभूमीला जायला, बाकीचे म्हाताऱ्यांच्या जातभाईंसाठी, असा त्या घरातला करार होता. परत आली की दोन दिवस आवाज नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा कार्यालयात तिचे वरिष्ठ मूर्ती साहेब यांनी तिला काहीतरी विचारलं. तिने गळ्याला हात लावून मान हलवली. साहेब धार्मिक वृत्तीचे. बौद्ध बाई, चार दिवस रजेवर होती, आता मौन पाळते आहे. त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडून सांगितलं की मॅडम विपश्यनेला जाऊन आल्या आहेत, त्यांना कुणी बोलायला लावू नका. नाही म्हणायला हिच्याकडे आवाज नव्हता. आवाज परत येईपर्यंत ती गोष्ट सगळ्या कार्यालयात पक्की झालेली होती.

तेव्हापासून तिची रजा कधी अडली नाही. मी एकदा धीर करून म्हटलं की हे खोटं झालं ना. ती भाजी निवडत होती. "मी खोटं बोलले न्हाई," ती म्हणाली. "मी बोललेच न्हाई."

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला, त्या हिवाळ्यात ती मला हैदराबादला एका कार्यक्रमाला घेऊन गेली. मी नाही म्हटलं नव्हतं, आणि माझं नाही न म्हणणं म्हणजे हो, असं तिने परस्पर ठरवलं होतं. तिच्या पायात वडिलांचे गँगमनचे बूट होते, पुढच्या बाजूला कापडाचे बोळे कोंबलेले. माझ्या पायात सँडल. ती बघून तिने फक्त "मर" असं म्हटलं.

मैदानाच्या फाटकाशी झडती घेणाऱ्या पोलीस बाईंनी माझ्या पिशवीतली दोन लिटरची पाण्याची बाटली बाहेर काढली. पाणी आत नेता येत नाही, तिकडे ओता, असं त्यांनी हिंदीत सांगितलं. त्या महिन्यात उदगीरला आमच्या घरी भांडी राखेने घासून पुसून ठेवत होते. मी बाटली धरून उभी राहिले. माझ्याने ते ओतवेना. मागे रांग ओरडायला लागली. करुणाताईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बाटली घेतली, अर्धी एका दमात प्यायली आणि उरलेली माझ्या हातात दिली. मी जमेल तेवढी प्यायले. तळाशी थोडं उरलं ते तिने पोलीस बाईंना दिलं आणि म्हणाली, "बाई, मराठवाड्याचं पाणी हाय. सांडायचं न्हाई." त्या बाईही प्यायल्या.

आत सगळे काळ्या टीशर्टात. बहुतेक मुलगे, पण पन्नाशीचा एक टकला माणूसही होता आणि तो करुणाताईला पाहून हात वर करून हसला. दोघं आठ वर्षं फक्त अशा मैदानांत भेटत होते. एकमेकांचं नाव त्यांना माहीत नव्हतं. ड्रम सुरू झाले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हितं म्हणजे कुठं. पुढची मुलं गोल करून एकमेकांवर धावून आदळत होती. मला ती मारामारी वाटली, पण त्यातला एक पडला तर चौघांनी त्याला काखेत हात घालून उभं केलं आणि त्याचा चष्मा शोधून दिला. माझ्या सँडलवर तीन वेळा बूट पडले. तिन्ही वेळा कुणीतरी सॉरी म्हटलं.

मधेच स्टेजवरून कुणीतरी बाटल्या उघडून गर्दीवर पाणी उडवलं. सगळे हात पसरून भिजत होते. करुणाताई खाली वाकून अर्धवट भरलेल्या बाटल्या उचलून बुचं लावत होती.

ती ओरडत होती. शब्द नाहीत, नुसता पोटातून निघालेला लांब आवाज, प्रत्येक गाण्याच्या शेवटी. मी तिच्या शेजारी तोंड मिटून तीन तास उभी होते. परतताना गाडीत तिने फॉर्मच्या पाठीवर लिहिलं, 'कामून ओरडली न्हाई?' मी खांदे उडवले. तिने खाली आणखी लिहिलं, 'कुणी ऐकत नसतं. म्हणून तर जायचं.'

पुढचा उन्हाळा फार वाईट गेला. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. नांदेडलाही दर आठवड्याला नवे हुकूम निघत होते. करुणाताईच्या कार्यालयात रविवारच्या सुट्ट्यासुद्धा बंद झाल्या. एका विभागातून एका वेळी एकच माणूस रजेवर, असा नियम झाला. आणि त्याच उन्हाळ्यात म्हातारे हैदराबादला येणार असल्याचं जाहीर झालं. हा त्यांचा शेवटचा दौरा होता, गाणाऱ्याला आता झेपत नव्हतं. करुणाताई वीस वर्षं या एका संध्याकाळची वाट पाहत होती. तिकीट आलं त्या दिवशी तिने ते मावशीने लावलेल्या बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ठेवलं. मावशी पुटपुटली, पण तिने ते काढलं नाही.

रजेचा अर्ज दिला. मूर्ती साहेबांनी लगेच सही केली.

त्याच तारखेसाठी दुसरा अर्ज पांचाळकाकांचा होता. ते तिच्याच विभागात, निलंग्याचे, आणि आमच्याच गल्लीत भाड्याने राहायचे. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला होणार होतं. दवाखान्यात पाणी नाही म्हणून ते दोनदा पुढे गेलं होतं, आता तारीख मिळाली होती. साहेबांनी त्यांना समजावलं की मॅडमचं धर्माचं काम आहे, तुम्ही मुलाला पाठवा. पांचाळकाकांना मुलगा नव्हता. पण धर्माचं काम म्हटल्यावर ते मागे सरले. संध्याकाळी त्यांनीच येऊन करुणाताईला सांगितलं, "ताई, तुम्ही जाऊन या. काकूसाठी तिथं बसाल तेव्हा थोडं मनात आणा."

ते गेल्यावर करुणाताई बराच वेळ त्या तिकिटाकडे बघत बसली. मावशी म्हणाली की रजा तुझी आहे, तू काही मागून घेतली नाहीस. करुणाताई म्हणाली, "तेच तर." जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत काय झालं ते पांचाळकाकांनी सांगितलं, दार उघडं होतं. ती आत गेली, तिकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाली की साहेब, मी आयुष्यात कधी विपश्यनेला गेलेली नाही, मी इथे जाते. तिकिटावर कवटीचं चित्र होतं. साहेबांनी चष्मा काढून ते वाचलं. इतकी वर्षं, एवढंच ते म्हणाले. ती म्हणाली, हाव साहेब. मग त्यांनी हिंदीत विचारलं, ये सुनके मन शांत होता है क्या? "होतं साहेब," ती म्हणाली. "तेवढं खरं हाय. बाकी सगळं तुम्ही म्हणलात आन् मी ऐकून घेतलं." साहेबांनी तिचा अर्ज खोडला आणि पांचाळकाकांचा मंजूर केला. त्यानंतर त्यांनी तिला कधी हात जोडले नाहीत. तिची बदली होईपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले. ते तिला लागलं.

घरी आली आणि तिने वडिलांचे बूट माझ्या खोलीच्या दारात आणून ठेवले. तिकीट एका बुटात खोचलं होतं.

"मी एकटी?" मी म्हटलं.

"तो टकल्या असंल. त्याच्याजवळ उभी राहा," ती म्हणाली. "आन् हे बघ, मला सगळं सांगायचं. कोणतं गाणं पहिलं, कोणतं नंतर. तो म्हातारा कसा दिसतो. माझ्यासाठी बघून ये."

मी गेले. टकला माणूस भेटला. त्याने माझ्या पायांतले बूट पाहिले, मग माझ्या मागे पाहिलं, आणि काही न विचारता मला त्याच्या आणि कठड्याच्या मधली जागा दिली. म्हातारा खरंच म्हातारा होता. दोन गाण्यांच्या मधे स्टूलवर बसायचा. तिसऱ्या गाण्याला त्याने माइक गर्दीकडे धरला. ते गाणं करुणाताईच्या त्या कॅसेटवरचं होतं, भांडी घासताना ती जे गुणगुणायची ते. माझ्या मनात आलं की या क्षणी तिचा आवाज इथे असायला हवा होता, आणि तो नाही. एवढ्यावरून माझं तोंड उघडलं. पुढे ते बंद झालं नाही.

सकाळी नांदेडला उतरून घरी आले. करुणाताई कामाला निघण्याच्या तयारीत होती. मी सांगायला गेले तर घशातून नुसती हवा आली.  मग तिने पर्समधून रिझर्व्हेशनच्या फॉर्मचा गठ्ठा काढून माझ्यापुढे टाकला आणि खुर्ची ओढून बसली. मी लिहीत गेले, ती एकेक फॉर्म उचलून वाचत गेली. माझं मराठी अक्षर वाईट, ती मधेमधे बोट ठेवून विचारत होती. स्टूलचं वाचून तिने डोळे पुसले. तिसऱ्या गाण्याच्या फॉर्मवर आली तेव्हा म्हणाली, "हितं तू काय केलं?"

मी लिहिलं, 'ओरडले.'

ती उठली, चुलीवर मिठाचं पाणी ठेवलं आणि त्या दिवशी कामावर उशिरा गेली.

दोन दिवसांनी आवाज आला. मी बाबांना फोन केला आणि कुठे गेले होते ते सांगितलं. घरी न विचारलेलं काही मी स्वतःहून सांगण्याची ती पहिली वेळ. बाबांनी मधे न तोडता सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "तिकडं पाणी होतं का?"

काकूंचं ऑपरेशन नीट झालं. उदगीर अजून जिल्हा झालेलं नाही. करुणाताईची बदली सिकंदराबादला झाली, मावशीही तिच्याबरोबर गेली. बूट तिने नेले. मी मागितले नव्हते.

गेल्या महिन्यात मी तिला फोन केला. उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोलेना. मी विचारलं, "कार्यक्रम होता का?" फोनवर बोटाने दोनदा टकटक झालं. मी म्हटलं, बरं, मग तू ऐक. आणि मी जवळजवळ तासभर बोलत राहिले.