भुताचं सोडून उरलेलं

पुरस्काराची बातमी आली तेव्हा मी जालन्यात, आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, अकरावीची भौतिकशास्त्राची जर्नल्स तपासत बसलो होतो. ईमेल दोनदा वाचला, एका पोरीच्या जर्नलवर भलत्याच पानावर सही ठोकली आणि बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. तास सुरू व्हायला पाच मिनिटं होती, ती तिथेच काढली.

पुरस्कार तसा लहान आहे. मोजकी माणसं हौसेने तो चालवतात. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा या तीन प्रकारांतल्या कादंबऱ्यांना तो मिळतो. अट एकच, गोष्टीच्या मध्यभागी आमच्यासारखी माणसं हवीत. पुरुषावर जीव असलेले पुरुष, बाईवर जीव असलेल्या बाया, फॉर्मवरच्या स्त्री-पुरुषाच्या रकान्यात न मावणारे. यासाठी वेगळा पुरस्कार कशाला, असं लोक विचारतात. एके काळी मीही विचारायचो. मग माझी कादंबरी इतर ठिकाणी पाठवून पाहिली. भूत पाहून तिथले परीक्षक म्हणाले, हे पोरासोरांसाठी आहे. त्यातले एकमेकांवर जीव असलेले दोघे पुरुष पाहून म्हणाले, हे पोरासोरांच्या हाती पडायला नको. या पुरस्काराच्या परीक्षकांनी मात्र भूत आणि ते दोघे, सगळंच एका बैठकीत वाचलं आणि कशावरच नाक मुरडलं नाही. मला तेवढ्यानेच भरून आलं होतं.

कादंबरी अशी आहे. एका तालुक्याच्या गावात दोन पुरुष एका खोलीत राहतात. एक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो, दुसरा पाण्याचा टँकर चालवतो. मोटारवाल्याची आई पहिल्याच पानावर मरते आणि काही दिवसांनी गावाबाहेरच्या जुन्या बारवेतून त्याला हाका मारू लागते. परीक्षकांनी निवेदनात लिहिलं होतं की बारवेतला आवाज अंगावर काटा आणतो, कारण तो घरातला आहे. हे वाचून मी खूष झालो. तो आवाज कुठून आला, याचा विचार तेव्हा केला नाही.

माय मंठ्याजवळ आमच्या गावी राहते. एकटीच. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाली. माझ्या लग्नाचं विचारणं तिने काही वर्षांपूर्वी अचानक बंद केलं, आणि का बंद केलं हे विचारायची माझी छाती झाली नाही. जालन्यात माझ्यासोबत जो राहतो त्याला ती ‘तुझा दोस्त’ म्हणते आणि दिवाळीला त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात करंज्या भरते. मी तिला सांगितलं, भुताच्या कादंबरीला बक्षीस मिळालं. खोटं काही नव्हतं. काचेचं स्मृतिचिन्ह गावी नेऊन दिलं, त्यावर फक्त ‘कादंबरी’ असं कोरलेलं होतं. प्रमाणपत्रावर मात्र सगळं सविस्तर छापलेलं होतं, म्हणून ते जालन्यात कपाटाच्या मागे सरकवलं. पुस्तकाची एक प्रत तिला दिली, ती वाचणार नाही या भरवशावर. भुताखेतांचा तिला लहानपणापासून तिटकारा.

इथे आम्हा बौद्धांकडची एक पद्धत सांगायला हवी. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात. आमच्या विहारात वाचायचं काम कित्येक वर्षं मायकडे आहे. ती कधीच कोरं पान वाचत नाही. दुपारी भांडी आवरली की चष्मा लावून दारात बसते आणि संध्याकाळचा भाग पेन्सिल घेऊन आधी वाचून काढते. जिथे दम घ्यायचा तिथे एक उभी रेघ. जिथे लोकांना खोकायला वेळ द्यायचा तिथे दोन. हे वळण अंगणवाडीच्या रजिस्टरांचं. त्या रजिस्टरांत खाडाखोड करायची तर चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, वर बरोबर काय ते लिहायचं आणि शेजारी सही करायची, हा नियम तिने नोकरीभर पाळला. गिरगटून टाकलेलं तिला खपत नाही. चूक झाली होती हे दिसलं पाहिजे, असं ती म्हणते.

या वर्षी ग्रंथ पौर्णिमेच्या आठ दिवस आधीच संपला. मायचा फोन आला.

“रिकामं बसण्यापेक्षा तुह्यं पुस्तक लावू म्हणून राह्यल्या समद्या जणी. बक्षिसाचं हाय म्हणल्यावर. रविवारी ये.”

विहारात, बायाबापड्यांसमोर, माझी माय स्वतःच्या तोंडाने ती पानं वाचणार. तिने मध्येच थांबून पुस्तक मिटलं तर? मी चाळिशीचा माणूस, पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवतो आणि मायच्या एका थांबण्याला भ्यायलो. हे मी आज कबूल करतो.

मग मी शहाणपणा केला. तिला व्हॉट्सअॅपवर यादी पाठवली: प्रकरण दोन, पाच, आठ आणि अकरा एवढंच वाच, बाकीचं कंटाळवाणं आहे. ही चारही प्रकरणं बारवेची, निव्वळ भयाची. त्या दोघांची खोली, त्यांची भांडणं, त्यांचं आजारपण, हे सगळं मी ‘बाकीचं’मध्ये टाकलं. संदेश पाठवला तेव्हा माझा तो ‘दोस्त’ शेजारी बसून मेथी निवडत होता. यादी त्याने पाहिली.

“म्हणजे मी कंटाळवाणा,” तो म्हणाला आणि मेथी निवडत राहिला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. रविवारी सोबत येऊ का, असं त्याने विचारलं. मी नको म्हणालो.

रविवारी संध्याकाळी विहारात वीसेक माणसं जमली होती, बाया जास्त. बाहेर सोयाबीनच्या भुशाचा वास सुटला होता. वंदना झाली आणि विहार समितीचे अध्यक्ष उभे राहिले. ते निवृत्त मुख्याध्यापक, मलाही चौथीला त्यांनीच शिकवलेलं. अख्खं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. त्यांनी माझं कौतुक केलं, शाल दिली आणि मग मायला विचारलं, “काय वाचणार आज?”

मायने माझी यादी दाखवली. गुरुजींनी प्रकरण दोन उघडून उभ्याउभ्याच अर्धं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

“हे तर भूत हाय,” ते म्हणाले. “बारवेतून मेलेली बाई बोलून राह्यली. आपल्या बापजाद्यांनी हे समदं सोडलं. विहारात हे बिलकुल चालायचं न्हाई.”

मला हसावं की रडावं कळेना. इतके दिवस ज्याची धास्ती घेतली ते कुणाच्या गावीही नव्हतं, आणि ज्याच्या आड लपलो त्यालाच हरकत. तरी मनातून मला हायसं वाटलं. आता वाचन रद्द होईल, मी शाल घेऊन शेवटच्या बसने जालन्याला परत जाईन.

माय शांतपणे म्हणाली, “बराबर हाय गुरुजी. मंग भुताचं सोडून देऊ. उरलेलं वाचू.”

गुरुजींना यात वावगं काही दिसलं नाही. ते खाली बसले. अडवायला माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं. उरलेलं कंटाळवाणं आहे, हे मी तिला आधीच कळवून बसलो होतो. मायने प्रकरण तीन काढलं. पानाच्या कडेला पेन्सिलीच्या उभ्या रेघा मला लांबूनही दिसल्या. ज्या प्रकरणाला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं, त्यावर तिच्या रेघा होत्या.

तिने वाचलं. मोटारवाला आणि टँकरवाला एका ताटात जेवतात ते वाचलं. वरण तिखट झालं म्हणून त्यांचं भांडण होतं, ते वाचताना बाया हसल्या. टँकरवाल्याला ताप येतो आणि दुसरा त्याचं डोकं मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसतो, तिथे पोचल्यावर तिने आवाज चढवला नाही की उतरवला नाही. मोटारवाला म्हणतो, “तुझ्याशिवाय माझं कोणी नाही आणि मला दुसरं कोणी नको.” या वाक्याच्या पुढे दोन रेघा असणार, कारण ती थांबली. खोकायला वेळ दिला. कुणी खोकलं नाही. दारापाशी बसलेले दोघे बाप्ये उठून गेले आणि चपला शोधताना कुजबुजले. गुरुजी जमिनीकडे पाहत होते. मायने दाराकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

प्रकरण संपल्यावर शेजारची मावशी म्हणाली, “आमचा मामा बी असाच होता. दोघं जण मळ्यातच राह्यचे. कोणी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. मामा गेला तव्हा त्या दुसऱ्याला कोणी रडू बी दिलं न्हाई.”

गुरुजी उठले, शबनम पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाले, “उद्या पुढचं. भुताचं सोडून.” त्यांच्या आवाजावरून त्यांना काय वाटलं ते मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते आले होते, असं मायने नंतर फोनवर सांगितलं.

घरी आल्यावर माय चहा ठेवायला आत गेली. मी तिची प्रत उचलली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत रेघा होत्या. भुताची चार प्रकरणंही तिने वाचली होती, सगळ्यांत जास्त रेघा तिथेच. माझी यादी जायच्या कितीतरी आधी तिचं पुस्तक वाचून झालं असणार. मी पानं उलटत अकराव्या प्रकरणाशी आलो. तिथे मोटारवाला बारवेच्या शेवटच्या पायरीवर उतरतो आणि खालून त्याच्या मेलेल्या आईचा आवाज येतो. परीक्षकांना आवडलेला तो हाच आवाज. ती म्हणते, “तू माझ्या पोटचा न्हाईस.” हे वाक्य लिहिताना मी कुणाचा आवाज ऐकत होतो ते त्या क्षणी मला लख्ख कळलं, आणि मान वर करून चुलीकडे पाहायची मला लाज वाटली. सबंध पुस्तकात भूत एकच होतं, आणि ते मी मायचं केलं होतं.

त्या वाक्यावर पेन्सिलीची एकच सरळ रेघ होती, खालचं सगळं वाचता येईल अशी. वर तिच्या रजिस्टरातल्या गोल अक्षरात लिहिलं होतं, “मी असं म्हणणार नाही.” आणि शेजारी तिची सही होती.