पोस्टर कलर

सोनूबाई रोज अंघोळ झाली की पदराच्या टोकानं बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर पुसायची आणि मग तोच पदर शेजारच्या रिकाम्या भिंतीवरूनही फिरवायची. हातभर जागा. तिथं नवऱ्याचा फोटो लावायचा होता, आणि नवऱ्याचा फोटोच नव्हता.

गणपती गेला त्र्याण्णव साली. रेशनकार्डावर नुसतं नाव होतं. मतदारांचे फोटो काढायला माणसं आली तोवर त्याला जाऊन दोन वर्षं उलटली होती. मुलाच्या, कृष्णातच्या लग्नात फोटोवाला होता खरा, पण त्यातही एका पाहुण्याच्या डोक्यामागून गणपतीचा खांदा तेवढा दिसायचा. सोनूबाईला अलीकडं त्याचा चेहरा नीट जुळत नसे. नाक आठवलं की हनुवटी निसटायची.

सिद्धार्थनगरातल्या लोकांना तो आठवायचा त्याच्या कामामुळं. लाकडाच्या वखारीत गुडघा निकामी झाल्यावर तो एका चित्रकलेच्या वर्गात बसायला जायचा. तो बसायचा आणि पोरं त्याला बघून चित्र काढायची. गल्लीतला बाळासो हटकून विचारायचा, "काय गणपा, आज किती दमलास बसून?"

"नाकावर माशी बसली तरी हलायचं नस्तंय. तू बसून दाखीव की तासभर. तुझं तोंड तरी बंद ऱ्हाईल."

सोनूबाईला त्या कामातलं ठाऊक होतं ते एवढंच.

दोन हजार एक सालच्या एका दुपारी कृष्णात फाउंड्रीतून आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"आई, आण्णा दसरा चौकात हायत."

"डोस्कं फिरलं काय तुझं?"

"चित्रात हायत. प्रदर्शन लागलंय. चल."

हॉलमध्ये शिरल्या शिरल्या तिनं ओळखलं ते उजव्या कानाच्या फाटक्या पाळीवरून. मग नाक, मग हनुवटी. सगळं जागच्या जागी होतं. मग तिनं कपाळ बघितलं. ठसठशीत उभं गंध, गळ्यात तुळशीची माळ, आणि खाली चिठ्ठी, 'भक्त'.

"ते मला ठावं हाय," कृष्णात घाईनं म्हणाला. "तू आधी तोंड बघ."

गणपती बावीस वर्षांचा असताना बापाबरोबर घरातले देव पंचगंगेत सोडून आला होता. त्यानंतर त्यानं कपाळाला कधी काही लावलं नव्हतं.

चित्रकार पृथ्वीराज पुढं आला. गणपती ज्या वर्गात बसायचा तिथं तेव्हा शिकत असलेला हा मुलगा आता तिशीचा झाला होता. ही दोघं कोण आहेत हे कळल्यावर त्याला मनापासून आनंद झाला. "मावशी, तुम्हाला देतो मी. नुसते फ्रेमचे द्या."

"गंध तेवढं काढा," कृष्णात म्हणाला. "आमच्यात चालत न्हाय."

"अर्ध्या तासाचं काम. कातडीचा रंग फिरवतो वरून."

सोनूबाईनं विचारलं, "लावलं कुणी त्येस्नी?"

"आम्हीच. परीक्षेला विषय होता ना. काका नको नको म्हणत होते. मग सर म्हणाले, अहो, पोस्टर कलर आहे तो, देवाचं काय आलं त्यात? जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो. मग बसले. चांगले दहा दिवस." तो चित्राजवळ सरकला. "ही नजर बघा, मावशी. अख्ख्या वर्गात मला एकट्याला सापडली. सर म्हणाले, याला म्हणतात भक्ती."

सोनूबाई बघत राहिली. ही नजर तिनं आधी एकदाच पाहिली होती. ती वखारीत डबा द्यायला गेली होती आणि मालकानं चारचौघांत गणपतीपुढं वेगळा ठेवलेला कप सरकवला होता, तेव्हा. आणि एक उन्हाळाही तिला आठवला. रोज संध्याकाळी गणपती बाहेरच्या घागरीपाशी पाण्यानं कपाळ घासत बसायचा. कातडं लाल व्हायचं. उन्हानं पोळलं असेल म्हणून ती खोबरेल लावायची. तोही लावून घ्यायचा.

"न्हाय घ्यायचं," ती म्हणाली.

"आई! आता तर त्यो काढून देतोय की!"

"चल."

"पुन्यांदा मिळणार हाय व्हय आण्णांचं तोंड? उद्या तूच रडशील."

"घरात यायच्या आदी त्येनी ते धुवून यायचं. आन् तू तसंच आणून टांगणार?"

"अगं, गंध पुसल्यावर—"

"त्या डोळ्यांम्होरं बसून मी रोज जेवू कशी, सांग."

पृथ्वीराजला काही कळलं नाही. आपली किंमत जास्त वाटली असेल असं समजून तो म्हणाला, "फ्रेमचेही राहू द्या, मावशी." त्यावर तिनं त्याला हात जोडले आणि ती बाहेर पडली.

चित्र पेठ वडगावच्या एका बागायतदारानं देवघरासाठी नेलं, असं कृष्णातला नंतर कळलं. तो आईशी चार महिने धड बोलला नाही. तिनंही त्याला काही समजावलं नाही. आता तिला चेहरा जुळवावा लागत नसे. डोळे मिटले की लगेच समोर यायचा, गंधासकट.

दोन हजार चारच्या थंडीत कृष्णात न विचारता फोटोवाल्याला घरी घेऊन आला आणि अंगणात खुर्ची टाकून त्यानं आईला बसवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या अंगावरून वारं गेलं. जीभ उचलेना. अकरा दिवस ती नुसती बघत पडून होती, मग गेली. त्यामुळं कृष्णातला तिचं धड बोलणं आठवतं ते त्या खुर्चीतलंच. फोटोवाला म्हणत होता, मावशी, हलू नका, आणखी एक घेतो. ती थोडा वेळ तशीच बसली आणि मग उठत म्हणाली, "झालं न्हवं, पावणं? माझ्या भाकऱ्या ऱ्हायल्यात."