चहाच्या बदल्यात खर्रा

आमच्या घरात सकाळी दोन माणसं उठतात, पण माणसात यायला दोघांनाही वेळ लागतो. मला लागतो चहा, कडक, डबल पत्तीचा. नवऱ्याला खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून टपरीवाला घोटून देतो, तोच. तो तोंडात जाईपर्यंत या माणसाशी बोलायची सोय नाही. गेला की डोळे चमकतात, हात भराभर चालतात. नालवाडीच्या पलीकडच्या वावरातली वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, गाडीवर लादून आम्ही बाजाराला निघतो, तेव्हा हे रस्ताभर गाणी म्हणतात.

मागच्या वर्षी यांना तिखट सोसेना. भाकरीवर ठेचा थापून खाणारा माणूस साध्या वरण-भातावर आला. "तोंड भाजते," म्हणायचे. मला वाटलं, पित्त असेल. खरं सांगू, मला बरंच वाटलं. आता नरम पडले गं, असं मी जावेला हसत हसत सांगितलं आणि रोज कौतुकाने दुधात भाकर कुस्करून दिली. आमच्या इकडच्या माणसाचं तिखट सुटलं म्हणजे काहीतरी मोठं बिघडलं, एवढं माझ्या डोक्यात येऊ नये?

ते कळलं देवळीच्या बाजारात, गुपचूपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या ठेल्यावर. मी गुपचूप अख्खं तोंडात टाकलं. यांचं ओठापाशीच अडलं, फुटलं आणि सगळं पाणी शर्टावर. मी खो खो हसले. दुसरंही तसंच झालं. तिसरं त्यांनी बोटांनी मोडून, तुकडे करून खाल्लं, माझ्याकडे न बघता. माझं हसू तिथेच विझलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली. यांची दोनच गेली, तीही मुश्किलीने. डॉक्टर म्हणाले, "खर्रा सोडला तर दुखणं आहे तिथे थांबेल. नाही सोडला तर तोंड आवळत जाईल, आणि पुढे कॅन्सरची भीती आहे."

घरी आल्यावर मी तोंड सोडलंच. हे म्हणाले, "तुले चहा सुटते का? तू चहा सोड, मी खर्रा सोडतो."

"सोडला, जा!" मी म्हटलं. केवढा तोरा माझा!

दुसऱ्याच दिवशी दुपारी डोकं असं ठणकायला लागलं की उजेड नको, आवाज नको. सेलूच्या बाजारात एका बाईने वांग्यांवर फुकट सांबार मागितला, तर मी तिच्या अंगावरच धावून गेले. मग बसल्या जागी रडू आलं, काहीच कारण नसताना. यांचा हात सारखा खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. झोप नाही, बोलणं नाही, ताट आपटणं चालू. साधा चहा मला एवढं लोळवतो, तर त्या खर्ऱ्याने यांना कसं धरलं असेल? माझा राग गेला. नुसती भीती उरली.

मग काही महिन्यांनी एका सकाळी हे चुलीपाशी गाणं गुणगुणत होते. माझ्यासाठी चहा केला होता. आलं घातलेला, डबल पत्तीचा. वासानेच माझा जीव कासावीस झाला.

"घे, पे," म्हणाले. "काऊन जीवाले त्रास देतं वं? मी काई बोलणार नाई."

एवढ्या प्रेमाने हा माणूस सकाळी कधी बोलतो, ते मला ठाऊक होतं. कप घेऊन मी मोरीपाशी गेले आणि सगळा चहा ओतून दिला.

"अजी, माया सौदा अजून मोडला नाई," मी म्हटलं. "तोंड उघडा."

त्यांनी मान खाली घातली. मग लहान लेकरासारखं, जमेल तेवढं तोंड उघडलं. तंबाखू-चुन्याचा उग्र वास आला. मी बोटं उभी करून आत घातली. एक गेलं. दुसरं दातांवरच अडलं.