व्हिडिओतल्या बाईचा आमचूर

"ताई, ती कमेंट डिलीट करी टाक. बोगस अकाउंट शे." सकाळीच आप्पांचा फोन.

आप्पांचं नंदुरबारला मसाल्याचं दुकान. त्यांचं सोशल मीडियाचं काम मी शहाद्यात बसून बघायचे. त्यांच्या आमचूरचा एक व्हिडिओ मी बूस्ट केला होता. बूस्ट म्हणजे पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवायची. व्हिडिओत एक पावरा आदिवासी बाई अंगणात कैऱ्या सोलतेय, फोडी करून उन्हात पसरतेय. इकडे या वाळलेल्या फोडींनाच आमचूर म्हणतात. वरची ओळ माझी: ‘मोलगीच्या डोंगरातून थेट तुमच्या घरी.’ नाशिक-पुण्याहून ऑर्डरी येत होत्या.

त्याखाली ही कमेंट: ‘ही माझी आई आहे. आमचा आमचूर या दुकानात जात नाही.’

प्रोफाइल उघडलं. फोटो नाही, पोस्ट दोनच. असली अकाउंट स्पर्धक उघडतात, त्यामुळे मलाही आधी तोच संशय आला. पण स्पर्धक ‘माल भेसळीचा’ म्हणेल. ‘माझी आई’ कशाला म्हणेल?

आप्पांना विचारलं, "या बाईंचं नाव काय?"

"नावनं काय करनं शे तुले? व्हिडिओ मन्हा भाचानी काढेल शे."

"मग यंदाचा एक नवा काढून पाठवा."

"धाडसू ना."

आठवडा गेला, व्हिडिओ आला नाही. फोटोसाठी आणलेलं आप्पांच्या आमचूरचं एक पाकीट माझ्याकडे होतं. ते फोडलं. व्हिडिओतल्या फोडी पांढुरक्या, हाताने कापलेल्या, लहानमोठ्या. पाकिटातल्या काळपट आणि सगळ्या एका जाडीच्या. मशीनवर कापलेल्या.

मग त्या अकाउंटला मेसेज केला. उत्तर आलं ते एका मुलीचं; ती नर्सिंग शिकत होती. म्हणाली, "आई बाजाराच्या दिवशी मोलगीला येते. जमनाबाई विचारा."

जीपने सातपुड्यात, मोलगीच्या बाजाराला गेले. जमनाबाई आमचूरचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. मोबाईलवर स्वतःला बघून आधी हसल्या.

"मीच ही. एक माणूस आला, शूटिंग केलं. माल नाही घेतला. परत येतो बोलला."

मी ऑर्डरींचं सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

"माझं तोंड बघून लोक त्याचा माल घेतात?"

मी हो म्हटलं. ती ओळ मीच लिहिली होती.

मी बूस्ट बंद केला आणि आप्पांना म्हटलं, "एकतर जमनाबाईंचा माल घ्या, नाहीतर व्हिडिओ पेजवरून काढून टाका."

"दुकान मन्हं शे का तुन्हं?"

संध्याकाळपर्यंत मला पेजवरून काढलेलं होतं. कमेंटही गायब. मग मुलीने आईच्या वतीने व्हिडिओ रिपोर्ट केला, म्हणजे कंपनीकडे तक्रार केली. काय लिहायचं ते मी सांगितलं. काही दिवसांनी व्हिडिओ उडाला. आप्पा माझे सगळ्यात मोठे क्लायंट होते. तेही गेले.

आता नवं काम आलं की मी आधी गोडाऊन दाखवा म्हणते, कॅमेऱ्याचं नंतर बोलते. काही जणांचा पुन्हा फोनच येत नाही. त्यांच्या मालाबद्दलची माझी चौकशी तिथेच संपते; उत्तर मिळालेलं असतं.