सारेच्या कबरीवरचा दिवा

नांदेडच्या रेल्वे चाळीत शेगुलाबाई राहायला आल्या, तेव्हा या बाई नेमक्या कोण, हेच कुणाला उमगेना. नेसायच्या नऊवारी, बोलायच्या कोकणातलं मराठी आणि देवळाचं विचारलं तर म्हणायच्या, "आमची मशीद अलिबागेला." शेवटी चाळीनं आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की ही शनवारी चूल न पेटवणारी बाई. बेने इस्राएल म्हणजे यहुदी आणि आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणतात, हे सांगता सांगता त्यांचे यजमान हस्केलजी, निजामाच्या रेल्वेतले गार्ड, थकले.

पुढे हस्केलजी तापानं गेले. गावात यहुद्यांची दफनभूमी नव्हती. मयतामागं कद्दिशची प्रार्थना म्हणायला दहा यहुदी पुरुष लागतात, तिथं होता तो एकच गेला होता. मळेवाला पिराजी म्हणाला, "बाई, माझ्या बांधाला जागा हाय. इचार करू नका." बांधावरच्या लिंबाखाली हस्केलजींना ठेवलं, कद्दिशवाचून. ते शल्य बाईंच्या मनातून कधी गेलं नाही.

घरात उरली आईबापावेगळी नात, एलिशेबा. तिला धर्म शिकवायला दुसरं कोण होतं? दर शनवारी बाई ओसरीवर तोरातली, आपल्या धर्मग्रंथातली, गोष्ट सांगत आणि पुढच्या शनवारी एलिशेबानं ती परत सांगायची. हळूहळू चाळीतली पोरंही येऊन बसू लागली, पिराजीची पोर गोदी सगळ्यांच्या पुढे. पोरांनी गोष्टींचं पार भरीत केलं. बाळ मोशेची टोपली नाईलऐवजी गोदावरीत सोडली, मिसरच्या राजाला, फारोला, तालुकदार करून टाकलं.

"देवाचा शब्द आहे मेल्यांनो! त्यात अक्षर इकडचं तिकडं चालायचं नाही," बाई कडाडत. पोरं मान डोलवत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच करत.

एलिशेबा लग्नाची झाली. बाईंच्या भावानं अलिबागेहून निरोप धाडला, पोरीला घेऊन इकडेच ये, इथं आपली माणसं आहेत. त्याचं काही चुकत नव्हतं. पण दर शुक्रवारी दिवेलागणीला बाई बांधावर पणती ठेवून येत. त्या माणसाला तिथं एकटं टाकून जायचं कसं? आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष सरत आलं.

अशात अब्राहामाच्या गोष्टीची पाळी आली. परक्या मुलखात त्याची बायको सारा वारते आणि तो तिथल्या लोकांपुढे उभा राहून म्हणतो, मी तुमच्यात उपरा आहे, माझ्या मयताला जागा द्या. शेतमालकाकडून जागा मिळते, एवढं सांगून बाईंनी गोष्ट कशीबशी संपवली.

पुढच्या शनवारी पोरांनी ती करून दाखवली. अब्राहाम झालेली एलिशेबा सारेला पुरून तिथंच बसून राहिली. शेतमालक झालेल्या गोदीला राहवेना.

"ऊठ की बाबा. किती बसून राहिलास?"

"माझा लेक लग्नाचा आहे, मला जायचंय. पण हिच्यापाशी कोण थांबेल?"

"आम्ही हाओत की. तू जा, लेकराचं लगीन कर. दिवा मी लावते."

हे पुस्तकात नाही, असं बाई ओरडायला हव्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पोरांसमोरच रडल्या. त्याच महिन्यात त्यांनी नांदेड सोडलं.

अलिबागेत एलिशेबाचं लग्न झालं, ती सासरी गेली. भावाचं घर माणसांनी भरलेलं होतं, पण तो लिंब पाहिलेलं त्यात कुणी नव्हतं. शुक्रवारी दिवे लागले की बाईंचं जेवणात लक्ष नसे. गोदी जात असेल का बांधावर? विचारावं तर नांदेडहून येणारं-जाणारं कुणी नव्हतं.

मशिदीतल्या पोरांना गोष्टी सांगायचं काम आपसूकच त्यांच्याकडे आलं. इथली पोरं गोष्ट शब्दाला शब्द परत सांगत. सारेची गोष्ट आली, तेव्हा बाई शेवटाशी घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आणि शेतवाल्याची पोर पुढं आली. म्हणाली, तू जा बाबा, दिवा मी लावते."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. एक चुणचुणीत मुलगी उठून म्हणाली, "आजी, असं तोरात नाहीये."

"नाही," शेगुलाबाई म्हणाल्या. "पण लावते ती."